हरवलेले इंच

फोन वाजला तेव्हा ती स्टुलावर उभी होती आणि चिकटपट्टीचं टोक तिच्या दातांत होतं. पोस्टरचा एक कोपरा काचेला लागला होता, दुसरा अजून हातात होता, आणि खाली ट्रेनर मुलगी दोन पावलं मागं सरून, "ताई, अजून थोडं वर. तुमच्याकडचं वर. हां, बास," असं करत होती. तिनंच फोन उचलून ताईंच्या कानाला लावला. पलीकडचा आवाज अनोळखी होता, पण वाक्य अर्ध्यावर थांबवून पुढं नेण्याची ढब ओळखीची होती. "मी तिची थोरली बहीण बोलतेय. विजेच्या बिलाच्या काउंटरवर असते ना ती, तुमच्याकडे यायची. अहो, तिला ॲडमिट केलंय परवापासून. पोटात गाठ आहे म्हणतात, पसरलीय म्हणतात. तर डॉक्टर विचारतायत, वजन नक्की कधीपासून उतरायला लागलं. आम्हाला कुठं काय सांगता येतंय. तीच म्हणाली, जिमवाल्या ताईंकडे महिन्या-महिन्याचं लिहिलेलं आहे. आज बारा वाजता मोठे डॉक्टर येतात. तेवढं आणून द्याल का?" दातांत चिकटपट्टी होती म्हणून ती नुसतं "हं" म्हणाली. नाकासमोर, वीतभर अंतरावर, काउंटरबाईचा चेहरा होता. खऱ्या चेहऱ्याच्या चौपट.

पोस्टरवर दोन काउंटरबाई होत्या. डावीकडची गोल, डोळे मिटून हसणारी, खाली लिहिलेलं 'आधी'. उजवीकडची गळ्याची हाडं दिसणारी, हनुवटी वर, खाली 'नंतर'. त्याच्याखाली बोटभर जाडीच्या अक्षरात: आठ महिन्यांत एकोणचाळीस इंच! आणि शेवटी, कंपनीच्या गुलाबी रंगात: पुढचा नंबर तुमचा. हे वाक्य तिनं सकाळपासून चारदा वाचलं होतं आणि चारही वेळा तिला बरं वाटलं होतं. पाचव्यांदा वाचलं आणि कानशिलं तापली. ती स्टुलावरून उतरली, खाली राहिलेला कोपरा धरला आणि अख्खं पोस्टर टर्रकन ओढून काढलं. ट्रेनर म्हणाली, "अहो ताई, सरळ होतं की!" "माहितीय सरळ होतं," ती म्हणाली, आणि मग त्या मुलीवरच खेकसली, "तोंडाकडे काय बघतेस? आत सगळ्यांची मशीनं नीट लावून दे जा." मुलगी गेली. पोरीचा काय दोष होता? काहीच नव्हता. उलट, पाच महिन्यांपूर्वी हीच पोर टॉवेलच्या घड्या करता करता म्हणाली होती, "ताई, त्या काउंटरवाल्या आजकाल व्यायाम करतच नाहीत हो. मशीन धरून नुसत्या उभ्या असतात." आणि आपण काय म्हणालो होतो? आपण म्हणालो होतो, "रिझल्ट येतोय ना? मग." हे आठवलं आणि त्या मुलीचा राग आणखीच आला.

कार्डांचं कपाट रिसेप्शनच्या मागं होतं. काउंटरबाईचं कार्ड वरच सापडलं, कारण गेले दोन महिने ते सारखं बाहेर काढून कुणाकुणाला दाखवलं जात होतं. दंड, छाती, कंबर, नितंब, मांडी. पाच रकाने, आणि सहावा बेरजेचा. पाच ठिकाणचे कमी झालेले इंच एकत्र मिळवायचे ही कंपनीची पद्धत, म्हणजे आकडा मोठा दिसतो. दर दहा इंचांना त्या बाईनं दारापाशी टांगलेली घंटा वाजवायची आणि बाकीच्यांनी मशीनं थांबवून टाळ्या. दर शनिवारी शाखेचे 'हरवलेले इंच' कंपनीला कळवायचे. पहिले तीन महिने कार्डावर सगळ्यांसारखेच अर्धा इंच, पाव इंच, एकदा तर काहीच नाही. चौथ्या महिन्यापासून आकडे जिना उतरल्यासारखे खाली गेले होते. अक्षर तिचं स्वतःचं, ताईंचं होतं. स्वच्छ, सुटं, ओळ न सोडणारं अक्षर, ज्याच्या जोरावर तिनं बावीस वर्षं एका ऑफिसात नोकरी काढली होती. पाचव्या महिन्याच्या आकड्यापुढं तिनं स्वतःच्या हातानं एक छोटा तारा काढला होता. सहाव्याला दोन.

टेप तिच्या हातात काही या धंद्यामुळं आलेला नव्हता. आई शिवणकाम करायची. दुकान म्हणजे एका बोळाच्या तोंडाशी दहा बाय आठची खोली, पायमशीन, आणि कापडाच्या चिंध्यांनी भरलेलं एक पोतं, ज्यावर ती शाळेतून आल्यावर बसायची. आईला माप घेताना टेपकडे बघताना तिनं कधी पाहिलं नाही. टेपखाली दोन बोटं घालायची, समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत काहीतरी विचारायची, सासू बरी आहे का, धाकट्याचा खोकला गेला का, आणि आकडा आपोआप तोंडातून पडायचा. "बोटाला कळतं गं," म्हणायची. कोण पोटुशी आहे हे नवऱ्याच्या आधी तिला कळायचं. कुणाच्या दंडाला हात लावल्यावर ती बाई दचकली तर आई पोरीला पाणी आणायला पाठवायची, आणि पाणी घेऊन येईपर्यंत ती बाई रडून मोकळी झालेली असायची. एकदा शेजारच्या गल्लीतली एक बाई दोन महिन्यांत दुसऱ्यांदा कपडे आत घ्यायला घेऊन आली. आईनं माप घेतलं, कपडे घडी करून तिच्या हातात परत दिले आणि म्हणाली, "मी नाही शिवणार. आधी डॉक्टरला दाखवून ये." ती बाई संतापली, बोळातून ओरडत गेली, या शिंपिणीला माज आलाय म्हणून. पुढं तिचं काय झालं ते आठवत नाही. आईचा चेहरा तेवढा आठवतो, बंद, चिडलेला. त्या वेळी वाटलं होतं, आई त्या बाईवर चिडली आहे.

आई गेल्यावर ते दुकान विकलं आणि त्यातून ही शाखा घेतली. नवरा म्हणाला होता, "अगं, बायका काय कमी राबतात का घरी, की तुझ्याकडे येऊन आणखी घाम गाळतील?" तरी त्यानं सह्या केल्या. तिला मात्र ही कंपनी एका गोष्टीसाठी आवडली होती: हॉलमध्ये आरसा लावायचा नाही. आणि पुरुषानं पडद्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, मग तो कुणी का असेना. नोकरी सोडली त्या दिवशी साहेबांनी भाषण केलं होतं, आमच्या ऑफिसातलं सगळ्यात वजनदार व्यक्तिमत्त्व आज आपल्याला सोडून जात आहे, आणि पन्नास माणसं खो खो हसली होती. तीही हसली होती. भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं ते छातीशी धरून हसली होती, आणि घरी येऊन ते घड्याळ माळ्यावर टाकलं होतं. आपल्या हॉलमध्ये कुठल्या बाईला कुणी हसणार नाही. कुणी कुणाला निरखून बघणार नाही. हे तिनं उद्घाटनाच्या दिवशी माईकवरून सांगितलं होतं. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात कंपनीच्या बाईनं शिकवलं होतं, "टेप घट्ट धरा, मधे बोट नको. मेंबरशी गप्पा मारू नका, चूक होते. नजर फक्त आकड्यावर." ती चांगली विद्यार्थिनी होती. पहिली आली होती.

अकराला एरिया मॅनेजर आला. तिच्या मुलापेक्षा लहान, पायांत पांढरेशुभ्र मोजे, गळ्यात कंपनीची फीत. प्रत्येक शाखेत जाऊन काचेवरच्या पोस्टरचा फोटो काढायचा, असं त्याचं आजचं काम होतं. आल्या आल्या रिकाम्या काचेकडे बघून म्हणाला, "मॅडम, पोस्टर मिळालं नाही का?"

"मिळालं. काढलं."

"काढलं म्हणजे?"

"म्हणजे लावलं होतं ते काढलं. बाई हॉस्पिटलमध्ये आहे. पोटात गाठ आहे तिच्या. ते एकोणचाळीस इंच आपण नाही हो उतरवले, त्या गाठीनं उतरवलेत."

त्यानं तोंडानं च्च केलं. खरंच वाईट वाटलं असावं त्याला. क्षणभर त्याचा चेहरा एखाद्या घरच्या मुलासारखा झाला. मग फितीशी चाळा करत म्हणाला, "फार वाईट झालं. पण मॅडम, उपचार चालू आहेत ना? बऱ्या होतील. आणि सगळ्या शाखांत हेच पोस्टर लागलंय आज. तुमच्याच शाखेची मेंबर आणि तुमच्याच काचेवर नाही, हे कसं दिसेल? त्यांची सही आहे आपल्याकडे."

"तिच्या डोळ्यांना काय केलंत तुम्ही?"

"अं?"

तिनं आपल्या फोनवरचा मूळ फोटो काढून त्याच्या नाकासमोर धरला. तोच फोटो, तीच हनुवटी, पण डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं. जुन्या वहीच्या पानासारखं होतं. पोस्टरवर ते धुऊन काढलं होतं, गालांना थोडी लाली दिली होती. "हे कुणाला तरी दिसलं ना?" ती म्हणाली. "दिसल्याशिवाय का पुसलं? तिथं तुमच्याकडे कॉम्प्युटरवर बसलेल्या कुणाला तरी दिसलं की हिचे डोळे पिवळे आहेत, आणि त्यानं काय केलं, तर पांढरे केले. एक फोन नाही करता आला?" बोलता बोलता तिला कळत होतं की तो कुणी तरी म्हणजे सगळ्यात आधी आपण. फोटो काढला तेव्हा काउंटरबाई दोन हातांवर होती, आणि आपण तिची कॉलर नीट करत होतो. पण राग एकदा उताराला लागला की असल्या दगडांनी अडत नाही. "आणि हे कार्ड मी डॉक्टरांना द्यायला चाललेय."

"कार्ड नाही नेता येणार, मॅडम." आता तो घरच्या मुलासारखा राहिला नव्हता. "करारात आहे. कार्ड कंपनीची मालमत्ता. शाखेबाहेर गेलं तर शाखा जाऊ शकते, तुम्हाला माहितीय."

"अक्षर माझं आहे त्याच्यावर."

"अक्षर तुमचं, कार्ड कंपनीचं."

"असं? मग मी अक्षर तेवढं घेऊन जाते. कार्ड ठेवा तुम्ही." आणि कार्ड पिशवीत टाकून, पोस्टरची गुंडाळी काखेत मारून ती पडदा सारून सरळ हॉलमध्ये गेली. इथं सोडलं असतं तर त्यानं ते लावलंच असतं. तो दोन पावलं मागं आला आणि पडद्याशी थबकला. मोज्यांची टोकं पडद्याखालून दिसत होती, बरोबर जमिनीवर आखलेल्या रेघेवर. "मॅडम, बाहेर या. मॅडम, आपण बोलू या." त्याला आत येता येत नव्हतं. त्याच्याच कंपनीचा नियम. एरवी तिला हसू आलं असतं.

हॉलमध्ये गोलात अकरा मशीनं, अकरा बायका. गाणं चालू होतं, आणि दर अर्ध्या मिनिटानं ध्वनिमुद्रित बाई मधाळ आवाजात सांगत होती, "आता पुढच्या मशीनवर." तिनं गाणं बंद करायला हात पुढं केला, बटण सापडेना, मग तशीच गाण्याच्या वर ओरडली, "आपल्या काउंटरबाईंना गाठ निघालीय. पोटात. त्या हॉस्पिटलमध्ये आहेत. वजन त्यानं उतरत होतं." अकरा चेहरे तिच्याकडे वळले. कुणाचे हात हवेत, कुणाचा पाय दांड्यावर. "आता पुढच्या मशीनवर," ध्वनिमुद्रित बाई म्हणाली. आणि त्या अकराही जणी उठल्या आणि पुढच्या मशीनवर जाऊन बसल्या. एकीनंही चुकवलं नाही. बसल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते. एकदोघी पुन्हा उठल्या आणि कुठं जायचं ते न कळून तिथंच उभ्या राहिल्या.

"म्हणजे ते एकोणचाळीस..." कुणीतरी म्हणालं.

"हो."

"अगंबाई. मी तर तिला विचारत होते, काय खातेस गं, आम्हालाही सांग. ती म्हणायची, काही नाही खात हो."

"आपण टाळ्या वाजवल्या," दुसरी म्हणाली. ही शाळेत गणित शिकवायची. "तीनदा. मी मोजल्यात."

आणि कोपऱ्यातून एक बारीक आवाज, जो ऐकून तिला एखादी वस्तू फेकून मारावीशी वाटली: "पण ताई, मग माझे सात इंच? ते खरे ना?"

ती मागच्या दारानं लोखंडी जिना उतरली. बस मिळाली, बसायला जागा नाही, काखेत पोस्टर. लोकांना टोक लागत होतं, लोक वळून बघत होते. नवऱ्याचा फोन आला; मॅनेजरनं त्याला कळवलं असणार, करारावर त्याची सही होती ना. "अगं, हे काय चालवलंयस? उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. त्या बाईबद्दल वाईट मलाही वाटतंय, पण आपण काय डॉक्टर आहोत का?" हेच वाक्य. हेच वाक्य ती स्वतःशी जिन्यापासून इथपर्यंत म्हणत आली होती, आपण काय डॉक्टर आहोत का, आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते इतकं गुळगुळीत, इतकं सोयीचं वाटलं की तिनं फोन ठेवून दिला. आईही डॉक्टर नव्हती. तिसरी शिकलेली होती. दांडीला धरून उभं राहिल्यावर तिचा स्वतःचा दंड डोळ्यांसमोर आला, सैल, मोठा, आणि तिला त्याचाही राग आला, आणि त्याचा राग येतो याचाही. केवढी वर्षं या एका गोष्टीत घालवली. लग्नाच्या आधी पाहायला आलेल्या कुणीतरी दिलेला 'जरा अंगानं' हा शेरा, बाळंतपणानंतर जावेचं "आता काही ही उतरायची नाही", ऑफिसातलं हसू, मग हा हॉल, हा बिनआरशाचा, कुणी कुणाकडे न बघण्याचा हॉल. पातळ होणारी प्रत्येक बाई म्हणजे जिंकलेली बाई. काउंटरबाई जिंकत होती तेव्हा तिच्या पाठीवर थाप मारताना आपल्याला काय वाटत होतं? आनंद? हो, आनंदच. आणि त्याच्या तळाशी किंचित हेवा. तळहाताला पाठीचे मणके लागले होते. एक एक मोजता आला असता. बोटाला कळतं गं. बोटाला कळलंच होतं की. बोटानं सांगितलं आणि आपण त्याला म्हणालो, गप्प.

हॉस्पिटल तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांब व्हरांड्यातून सुरू व्हायचं. थोरली बहीण लिफ्टपाशीच उभी होती, हातात रिकामी पाण्याची बाटली, जणू पाणी आणायला म्हणून निघाली आणि कुठून आणायचं ते विसरली. "आलात? बरं झालं बाई. डॉक्टर आताच आलेत." डॉक्टरांनी कार्ड उभ्या उभ्या वाचलं. बोट चौथ्या महिन्यावर थांबलं. "इथून? नक्की?"

"नक्की. माझ्याच हातचं आहे."

"इतकं नीट कुणी लिहून ठेवत नाही," डॉक्टर म्हणाले. कौतुकानंच म्हणाले. मग कार्डाचा फोटो काढला, मनातल्या मनात काही मोजलं, पाच बोटं एकेक करून मिटली, आणि ती मिटलेली मूठ कोटाच्या खिशात घातली. थोरलीनं विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर, डॉक्टर?" ते म्हणाले, "आता त्यात नका शिरू." आणि पुढच्या वॉर्डकडे गेले. तिला वाटलं, या माणसानं आपल्यावर ओरडावं. भर व्हरांड्यात ओरडावं. सकाळपासून ती सगळ्यांवर ओरडत होती आणि तिच्यावर कुणी ओरडत नव्हतं.

काउंटरबाई खिडकीपाशी होती. चादरीखाली एवढीशी. रंग मूळ फोटोसारखाच, त्याहून गडद. पण तिनं ताईंना पाहिलं आणि उठून बसायची धडपड केली, तीच जुनी, शिस्तीची. "ताई! तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? हॉल कोण बघतंय?" आणि मग लगेच, "ते काय आहे काखेत?"

"काही नाही. पोस्टर आहे."

"माझं? आलं? बघू."

"नंतर बघा. आत्ता तुम्ही..."

"बघू म्हणते ना."

थोरलीनं एक टोक धरलं, तिनं दुसरं. खाटेच्या पायथ्याशी दोघींनी ते उलगडलं, चादर वाळत घालताना धरतात तसं. काउंटरबाई बराच वेळ बघत राहिली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कोपरावर रेलून बघायला लागली आणि म्हणाली, "ही तू होय?" काउंटरबाई म्हणाली, "मीच की." आणि हसली. "चोवीस वर्षं बिलाच्या खिडकीत बसलेय आजी. लोकांनी माझे हात पाहिलेत नुसते. नोटा घेणारे. भाजी घेताना समोर उभी राहिले तर ओळखत नाहीत." मग ताईंकडे वळून, "कुठं लावलंय? काचेवर ना? रस्त्यावरून दिसतं?"

"नाही लावलं," ती म्हणाली. "लावलं होतं. तुमचं कळलं आणि काढलं मी. मॅनेजरशी भांडले. शाखा गेली तरी चालेल म्हटलं, पण हे लावणार नाही." हे सगळं ती बसमध्ये मनाशी घोकत आली होती, इथं येऊन सांगायला, आणि सांगताना तिचा सूर उद्घाटनाच्या दिवशीच्या भाषणासारखा झाला.

काउंटरबाईचं हसू गेलं. "का काढलंत?"

"अहो, का म्हणजे... ते खोटं आहे. ते इंच..."

"तुम्हाला कुणी विचारलं?" आवाज मोठा नव्हता. मोठा काढायला अंगात काही नव्हतं. पण व्हरांड्यातून जाणारी नर्स थांबली. "माझा फोटो, माझी सही. मला विचारलंत? अर्धा तास उभी होते मी त्या दिव्यासमोर, पोटात कळा येत होत्या, तरी हनुवटी वर धरून उभी होते. तीनदा घंटा वाजवली मी. तीनदा सगळ्या जणी थांबल्या माझ्यासाठी. त्या टाळ्या माझ्या होत्या, ताई. त्याही आता परत घेणार तुम्ही? मला गाठ झाली म्हणून?"

"अगं, हळू," थोरली म्हणाली.

"तू गप गं. टोक धर नीट." तिनं श्वास घेतला. "आणि खोट्याचं म्हणाल तर मी काही खोटं केलं नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"काय सांगितलं होतं?"

"की अन्नावर वासना नाही. घास फिरतो तोंडात. तुम्ही कंबरेचं माप घेत होतात तेव्हा."

तिनं आठवून पाहिलं. मशीनांचा गोल, गाणं, तिच्या हातातला पिवळा टेप, आकडा. आकडा आठवला, अगदी पाव इंचासकट. बाकी काही नाही. त्या जागी काहीच नव्हतं, पुसलेलंही नव्हतं. "मला नाही आठवत," ती म्हणाली.

"मला आठवतं. एकदा नाही, दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, बरंच झालं. आणि तारा काढलात."

सकाळपासून अंगात जो जाळ घेऊन ती फिरत होती, ट्रेनरवर, मॅनेजरवर, नवऱ्यावर, त्या सात इंचवालीवर, तो अजून होता तिथंच. फक्त आता त्याला जायला दुसरीकडे कुठं जागा नव्हती. तिनं हातातलं टोक आवळलं, पोस्टर ताणलं गेलं, आणि दोन्ही काउंटरबाया हलल्या. "मी काय करू, सांगा," ती म्हणाली. माफी मागायला आली होती. पण मागितली असती तर या बाईला ती द्यावी लागली असती, आणखी एक काम.

"लावा ते," काउंटरबाई म्हणाली. "काचेवर लावा. पण ते खालचं गुलाबी खोडा. पुढचा नंबर म्हणे. पेन आहे? नर्स, तुमचं जाड पेन द्या हो जरा, बाटल्यांवर लिहिता ते."

नर्सनं दिलं. पोस्टर खाटेच्या कडेला पसरलं, थोरलीनं दोन्ही हातांनी दाबून धरलं. पेन घेऊन तिनं गुडघे टेकले, जमिनीवर, आणि गुलाबी अक्षरांवर एक आडवी रेघ मारली, मग दुसरी, पूर्ण झाकली जाईपर्यंत.

"लिहा," काउंटरबाई डोळे मिटून सांगू लागली, सावकाश, खिडकीपलीकडच्या अडाणी माणसाला फॉर्म सांगावा तशी. "हिची भूक गेली होती. पूर्णविराम. हिनं ताईंना दोनदा सांगितलं होतं. लिहिलंत? दोनदा लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"आता खाली तुमचं पूर्ण नाव. आणि सही."

तिनं पूर्ण नाव लिहिलं. सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, स्वच्छ, सुटं. थोरलीला ते बघवेना. ती घाईघाईनं पोस्टर गुंडाळायला गेली.

"थांब गं," काउंटरबाई डोळे न उघडता म्हणाली. "फिसकटेल. शाई वाळू दे."